दोन बाटल्यांची राजाबाई

१

झोळीतला खुळखुळा एकदाच वाजला आणि जयाबाईनं श्वास रोखून धरला.

मालू जागी झाली की संपलं. आठ महिन्यांची पोर. उठली की आधी दूध, मग कडेवर एक फेरी, मग खिडकीतली चिमणी. त्यात अर्धा तास गेलाच म्हणून समजा. आणि आज अर्धा तास होता कुणाकडे? पण पोरीनं नुसती कूस बदलली, मूठ तोंडात कोंबली आणि पुन्हा गाढ झाली. जयाबाईनं हलकेच श्वास सोडला आणि डोळा परत दुर्बिणीला लावला.

यंत्राचं खरं नाव मायक्रोस्कोप; पण बेळगावच्या त्या टेकडीवरच्या दवाखान्यात झाडूवालीपासून सगळे त्याला दुर्बीणच म्हणत. लॅबोरेटरीचा मूळ माणूस एकेचाळीस साली लढाईवर गेला. जयाबाईचा नवरा रवळूही त्याच सुमाराला पलटणीत गेला. जायच्या आधी लॅबोरेटरीवाल्यानं अनगोळच्या या सातवी शिकलेल्या बाईला हातचं काम दाखवून ठेवलं होतं. आजाऱ्याच्या अंगातून काढलेला तुकडा औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा कापून काचेवर चढवायचा आणि निळ्या-गुलाबी रंगात रंगवायचा. एक काच पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे टपालानं जायची, तिची जोडकाच इथं राहायची. निकाल काय तो पुण्याहून यायचा.

निकाल आला की जयाबाई जोडकाच काढून त्याच्याशी ताडून बघायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मालू झोपली की तेवढ्या वेळात बघायची. अशा दोन-अडीचशे काचा बघितल्यावर माणसांची तोंडं ओळखू यावीत तशा तिला पेशी ओळखू यायला लागल्या होत्या. चांगल्या पेशी म्हणजे वालाच्या शेंगेतले दाणे. एका मापाच्या, आपापल्या जागी बसलेल्या, प्रत्येकीच्या पोटात एक निळं बी, तेही बेतशीर. आणि कॅन्सर म्हणजे पंगतीत घुसलेला दांडगा जमाव. बी कुठं मोठं, कुठं वेडंवाकडं, काळंनिळं. एकीची दोन होताना दिसायची, आणि कुंपण मोडून शेजारच्या रानात शिरलेली.

समोरच्या काचेवर असा जमाव होता, यात शंकाच नव्हती. पुण्याच्या कार्डावरही तेच होतं. ‘राजाबाई. घातक. त्वरा करावी.’

राजाबाई खानापूरकडची. वय बावीस. डाव्या थानाला गाठ. आज चार वाजता ते थान मुळापासून काढायचं ठरलं होतं. सकाळी अकरा महिन्यांच्या पोराला घेऊन ती या खोलीच्या दारात उभी राहिली होती आणि हळूच म्हणाली होती, “बाई, पोराला उजवीकडचं एकट्याचं पुरंल का वो?”

जयाबाईच्या स्वतःच्या चोळीत त्याच वेळी पान्हा फुटला होता. राजाबाई गेली आणि हिनं जोडकाच काढली, एवढंच.

आणि आता ती त्या काचेवरून नजर हलवू शकत नव्हती. कारण जमावाच्या मधोमध गुलाबी वर्तुळं होती. एकात एक, कांद्याच्या चकतीसारखी. पुण्याचे डॉक्टर त्यांना मोती म्हणत. कातडीची, तोंडाच्या अस्तराची पेशी बिघडली की ती असे मोती घडवते. दुधाची ग्रंथी कितीही बिघडली तरी ती ग्रंथीच. तिच्यात नळ्या दिसाव्यात, निदान नळ्यांची मोडतोड तरी. इथं एक नळी नव्हती, चरबीचा ठिपका नव्हता. पोराला पाजणाऱ्या बाईच्या थानाचा तुकडा, आणि त्यात दुधाचा एक थेंब नव्हता!

तिनं काच बोटभर सरकवली. कडेला स्नायूचे धागे, त्यांच्यावर आडव्या रेघा. त्यांच्या लगत द्राक्षाच्या घडासारखी लाळेची ग्रंथी.

लाळ! हा तुकडा थानाचा नव्हताच. हा कुणाच्या तरी तोंडातला होता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

२

रजिस्टर तिच्याच अक्षरातलं होतं. बारा दिवसांपूर्वीचं पान. चार नावं. पायाचा मस, मानेची गाठ, पाठीचं आवाळू आणि ‘राजाबाई, थानाची गाठ, बाटल्या २’. तोंडाचा आजारी एकही नाही. त्या आठवड्यात नाही, आधीच्याही नाही.

त्या दिवशी मालूला ताप होता आणि ती घाईत होती, एवढंच तिला आठवत होतं. एकाच बाईच्या दोन बाटल्या आल्या म्हणून लहान तुकडा तिनं पुढच्या कामाला घेतला, कारण लहान लवकर मुरतो. मोठा तसाच कपाटात ठेवला.

तिनं कपाट उघडलं. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी. पहिलीच्या तळाशी उरलेला कण. दुसरीत बोराएवढा तुकडा, औषधानं पांढरट झालेला. दुसरीच्या खांद्यावर एक लाल डाग होता. जयाबाईची बोटं बारा महिने रंगानं माखलेली. आपलाच हात लागला असेल म्हणून ती पदराच्या टोकानं डाग पुसायला गेली, तोच बाराचा पहिला टोल पडला आणि ती दचकून थांबली.

कुणीतरी एका बाटलीत दुसऱ्याचा तुकडा घातला असेल, तर दुसरीत घातला नसेल कशावरून? आता कुठल्या बाटलीवर विश्वास ठेवायचा?

मालूला झोळीसकट काखोटीला मारून ती डॉक्टर मारुतीरावांच्या खोलीत गेली. मारुतीराव चांगले सर्जन, पण तोंडाचे फटकळ. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली.

“पुण्याचे डॉक्टर तीस वर्षं काचा बघतायत. तुम्ही किती?”

“दीड.”

“मग?”

“पुण्याचं चुकलं न्हाई साहेब. काचेवर आहे तेच त्यांनी लिहिलं. त्यांना आपण नाव धाडलं, जागा कुठं कळवली? काचच राजाबाईची न्हाई.”

“मग कुणाची? त्या दिवशी मी कुणाचं तोंड उघडूनसुद्धा बघितलं नाही.” ते उठले. “जयाबाई, गाठ थांबत नसते. आज नको म्हणून परत पाठवलेली बाई दोन महिन्यांनी येते ती लोकांच्या खांद्यावरून येते. हे तोंड कुणाचं ते दाखवा आणि राजाबाईची खरी गाठ दाखवा. चार वाजेपर्यंत. चार वाजता मी हात धुणार.”

चार तास!

पुरुषांच्या वॉर्डात आण्णाप्पा कंपाउंडर एका म्हाताऱ्यापुढं चमचा धरून बसला होता. आण्णाप्पा चिकोडीकडचा, घरची बोली कानडी. मराठी फर्डं बोलायचा, पण घाईत आला की कानडीवर घसरायचा. तुकड्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या त्याच्याच हातच्या असत.

“बायी तेगी, अज्जा, बायी तेगी... हां!” चमचा उपडा करून त्यानं मान वळवली. “काय वो, जयाक्का? पोरगीला घिऊन हिकडं?”

“आण्णाप्पा, त्या दिवशी राजाबाईच्या बाटल्या किती दिलासा?”

“एक.”

“एक? माझ्या रजिस्टरात दोन आहेत.”

त्याचा चेहरा उतरला. “मी एकच दिली. बसवण्णाची आण! आता माझ्यावर घालतासा काय? गरिबावर?”

“कुणी घालत न्हाई. त्या दिवशी साहेबांनी कुणाच्या तोंडाचा तुकडा काढला होता?”

“साहेबांनी? न्हाई.” तो तुटकपणे म्हणाला आणि पुढच्या खाटेकडं वळला. मग परत मागं वळून, “आणि तुमचं रजिस्टर लई शहाणं असंल, तर बाहीर निपाणीचा एक माणूस बसलाय, त्याचा रिपोर्ट सापडतोय का बघा. सकाळधरनं माझा जीव खातोय. पुण्याहून आलेल्यांत नावच न्हाई म्हंत्यात.”

जयाबाईनं ते अर्धवट ऐकलं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आण्णाप्पा एक म्हणतो, आपण दोन घेतल्या. मग मधली एक आली कुठून?

जिन्यात शालूबाई नर्स भेटली. बाटल्या ऑपरेशनच्या खोलीतून लॅबोरेटरीत पोचवायचं काम शालूबाईचं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि जयाबाईला भिंतीकडं ओढलं.

“मी बोलले म्हणून कुठं सांगू नका हां. त्या दिवशी तुम्ही पोरीला पाजायला मागं गेलतासा न्हवं? मी बाटल्या ठेवून परत आले, तर तुमच्या खोलीत एक बाई उभी हुती. ती राजाबाईची सासू. अक्काताई.”

“काय करत होती?”

“दारातनं बघितलं मी,” शालूबाईचा आवाज अगदी खाली गेला. “तिच्या हातात बाटली हुती.”

३

अक्काताई पडवीत खांबाला टेकून बसली होती. उंच, हाडकुळी, कपाळावर आडवं मोठं कुंकू. नातू तिच्या मांडीवर भाकरीचा कुटका चघळत होता. आत खाटेवर राजाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

जयाबाई येताना वॉर्डातल्या बायांची कुजबूज ऐकून आली होती. सासू ऑपरेशनच्या कागदावर अंगठा द्यायला सुनेच्या मागं लागलीय म्हणे. सून माहेरी गेली की पोराला दुसरी करून आणायला मोकळी.

“अक्काताई, ऑपरेशनची तुम्हाला इतकी घाई का?”

“का म्हंजे?” म्हातारीनं वर बघितलंसुद्धा नाही. “डाक्टरीन हाईस व्हय गं तू?”

“न्हाई. मी काचा करते.”

“मग काचा कर जा की. माझ्या घरात कशाला वाकून बघतीस?”

जयाबाईनं मालूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि समोर जमिनीवर मांडी घातली. “बारा दिवसांमागं माझ्या खोलीत तुम्ही आलतासा. बाटली हातात घेतलीसा. तिच्यातलं काय बदललंसा ते सांगा. न्हाईतर आज तुमच्या सुनेचं थान फुकट जाईल.”

आत राजाबाईनं कूस बदलल्याचा आवाज आला.

अक्काताईनं नातवाच्या तोंडातला कुटका काढला, पुसला, परत दिला.

“माझी धाकली भन ह्यानंच गेली,” ती म्हणाली. “गाठ हाय, गाठ हाय म्हणत साल काढलं आमी. देवर्षी केला, लेप लावलं. शेवटाला वास मारत हुती, कुणी जवळ जाईना. मी जात हुतो. म्हणून घाई. ही सून मला हवी हाय, कळलं? थान नसलं तर नसू दे, चुलीफुडं बसलेली मला हवी हाय.”

जयाबाईला मान वर करवेना.

“आणि बाटली?” तिनं कसंबसं विचारलं.

“घेतली की हातात. त्या शालीला इचारलं, आमची कंची, तिनं दावली. जिवाचा तुकडा बाटलीत घालून परक्याच्या खोलीत एकला ठेवलासा. त्याला कुंकू बी लावू नये व्हय? लावलं मी माझ्या कपाळाचं. म्हटलं, आई यल्लम्मा, सांभाळ. त्यात काय पाप झालं?”

जयाबाई उठून उभी राहिली होती.

“कुठल्या बाटलीला? लहान तुकड्याच्या की मोठ्या?”

“बोरायेवढा हुता,” अक्काताई म्हणाली.

४

लाल डाग! तो रंग नव्हता. कुंकू होतं.

खोलीत परतल्यावर जयाबाईनं तो नखानं खरवडून पाहिला, भुकटी झाली. पहिल्या बाटलीला तिनं उजेडात चारी बाजूंनी फिरवलं. स्वच्छ. म्हणजे राजाबाईचा तुकडा तोच, बोराएवढा, जो तिनं बारा दिवस उघडलाच नव्हता. कुणी काही बदललं नव्हतं. आण्णाप्पाही खरं बोलत होता. राजाबाईची बाटली एकच!

मग या पहिल्या बाटलीवर राजाबाईचं नाव आलं कसं?

मालू आता जागी होती. खुळखुळा तिच्या हातात देऊन, एका पायानं झोळी हलवत जयाबाईनं दोन्ही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. औषधाच्या वाफेनं शाई फिकटली होती. एकच हात, एकच टाक, एकच दिवस.

कुंकवाच्या बाटलीवर: राजाबाई.

लहान तुकड्याच्या बाटलीवर: राजा बायी.

तिनं पुन्हा वाचलं. बाईला बायी लिहिणारे गावात पुष्कळ. तिची स्वतःची सासू शिकली असती तर तसंच लिहिती. त्या दिवशी म्हणूनच तिनं दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. पण एकच माणूस एकाच दिवशी एकच नाव दोन तऱ्हांनी कशाला लिहील? आणि इथं ‘राजा’पुढं ही बोटभर जागा कशाला सोडील?

खालच्या वॉर्डातून दुपारच्या औषधाची गडबड ऐकू येत होती. पेल्यांचा खणखणाट, खोकला आणि त्यात आण्णाप्पाचा ओळखीचा वैताग. “अज्जा, किती सल सांगू? बायी तेगी!”

बायी तेगी. तोंड उघड.

बायी. कानडीत तोंड.

हा शब्द ती लहानपणापासून बाजारात ऐकत आली होती. चिल्लीपिल्ली कानडी पोरं एकमेकांना ‘बायी मुच्चु’ म्हणून गप्प करायची तेव्हापासून. कानाला तो पाठ होता. डोळ्यांनी मात्र तो मराठी अक्षरांत पाहिला आणि त्याला लुगडं नेसवलं! ती राजाबाई नव्हतीच. कुणा राजाचं तोंड होतं ते.

ती धावतच खाली गेली. आण्णाप्पानं चिठ्ठी बघितली आणि कपाळावर हात मारला.

“व्हय की! राजा, बायी. ही राजगोंडाची! दातांचे डाक्टर पंधरवड्याला येत्यात न्हवं, त्यांनी काढला तुकडा, दातांच्या खोलीत. तुम्ही इचारलंसा साहेबांनी काढला काय, मी म्हटलं न्हाई.”

“आणि तोंड लिहायचं सोडून बायी का लिहिलंसा?”

“जयाक्का, लिवताना माझ्या हाताला कानडीच येतंय. अक्षरं तेवढी तुमची काढतो. तुम्हाला आमची वाचाय येत न्हाईत म्हणून.” तो रडकुंडीला आला. “तुमच्या सोईसाठी हो!”

“हा राजगोंडा कुठला?”

“निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत हाय.” आण्णाप्पा बोलता बोलता थांबला. दोघांनी एकदमच खिडकीतून बाहेर बघितलं.

निपाणीचा माणूस बसला होता तो बाक रिकामा होता.

५

अडीच वाजले होते. आण्णाप्पाला तिनं फाटकाकडं पिटाळलं आणि स्वतः वर आली. मारुतीरावांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक हातात होती. दुसरी बाटलीत होती.

मेणात बसवायला तीन दिवस लागतात. तीन दिवस कुठले! पण लॅबोरेटरीवाल्यानं जाता जाता एक घाईची युक्ती दाखवली होती. स्वयंपाकघरातून तिनं गाजर आणलं, मधोमध चिरलं, चिरेत तो पांढरट तुकडा बसवून वर दोरा आवळला. वस्तरा चामड्यावर परजला. मग गाजरासकट पातळ, अगदी पातळ चकत्या. पहिली जाड आली. दुसरी फाटली. मालू रडायला लागली. तिसरीच्या वेळी जयाबाईनं तिला एका हातानं छातीशी धरलं, पाजलं, आणि ती पिऊन शांत झाल्यावरच वस्तरा परत उचलला. घाईनं एकदा झालं होतं तेवढं पुरे होतं.

सातवी चकती पाण्यावर कापसासारखी तरंगली. तिला निळ्या औषधात बुडवली, धुतली, काचेवर घेतली.

साडेतीनला ती डॉक्टरांच्या दारात होती. बाहेर राजाबाईला चाकाच्या खाटेवर घेतलं होतं. तिचे केस फडक्यात बांधले होते. अक्काताई नातवाला छातीशी आवळून उभी.

“साहेब, दोन काचा. आधी ही बघा.”

मारुतीराव उठून शेजारच्या लॅबोरेटरीत आले. दुर्बिणीपाशी बसले.

“ही पुण्याला गेली तिची जोडकाच,” जयाबाई म्हणाली. “मोती बघा. कडेला रेघांचा स्नायू, आणि त्याच्यालगत लाळेची ग्रंथी. गालाच्या आतलं हाय हे. निपाणीच्या राजगोंडाचं. दातांच्या डॉक्टरांनी काढलेलं. आण्णाप्पानं चिठ्ठीवर राजा आणि कानडीत तोंड असं लिहिलं, ते मी राजाबाई वाचलं. दोन बाटल्या एकीच्याच समजले आणि ही कापली.”

“आणि दुसरी?”

“दुसरी राजाबाईची. सासूनं त्याच दिवशी बाटलीला कुंकू लावलं होतं, ते अजून तसंच हाय. शालूबाईनं बघितलंय.” तिनं काच बदलली. “आत्ता गाजरात धरून कापलीय, जाड आहे. पण बघा.”

बराच वेळ फक्त स्क्रू फिरल्याचा बारीक आवाज येत राहिला. तिला काचेवरचं सगळं पाठ होतं. गच्च बसलेल्या बारक्या ग्रंथी, एकीला एक लागून, मधाच्या पोळ्यासारख्या. प्रत्येक पोकळीत दुधाचे थेंब. बी सगळीकडं एका मापाचं, कुंपण शाबूत, एकही दाणा बाहेर नाही. दुधानं फुगलेली, गुण्यागोविंदानं वाढलेली साधी गाठ. पण ती तसं म्हणाली नाही. ते म्हणायचं तिचं काम नव्हतं.

“दूध आहे,” मारुतीराव शेवटी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा बघितलं. “हिच्यात दूध आहे.”

ते दारापर्यंत गेले. “हिला परत खाटेवर न्या. आज काही कापायचं नाही. हा तुकडा पुण्याला जाऊ दे, तिथून उत्तर येईपर्यंत कुणी हात लावणार नाही. मला विचारशील तर, म्हातारे, सून घरी घेऊन जाशील.”

अक्काताई नातवासकट खाटेपाशी सरकली. राजाबाईनं नुसता पोराकडं हात केला.

मारुतीराव वळले. आण्णाप्पा नेमका धापा टाकत जिन्यात आला होता. त्याच्याकडं बघत त्यांनी विचारलं, “चूक कुणाची ही? लिहिणाऱ्याची?”

आण्णाप्पाचा रंग उडाला. जयाबाईनं मालूला घट्ट धरलं. ही खोली, ही दुर्बीण, सगळं क्षणभर डोळ्यांपुढून गेलं.

“न्हाई साहेब. वाचणारीची. माझी.”

“त्याचं उद्या बघू,” ते म्हणाले. “आधी तो माणूस कुठंय?”

“फाटकावर धरलाय,” आण्णाप्पा म्हणाला. “निपाणीच्या मोटारीत पाय ठेवतच हुता. शालूबाईनं त्याला सांगितलं, रिपोर्टात नाव न्हाई म्हंजे काय न्हाई, जा घरला.”

६

राजगोंडा चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. डावा गाल जरा फुगलेला. त्याच्या शेजारी आठेक वर्षांची मुलगी, वेणीला बाजारातून नुकतीच घेतलेली हिरवी फीत. मोटार चुकली म्हणून ती रुसली होती. नव्या फितीमुळं रुसवा धड टिकत नव्हता.

मारुतीरावांनी त्याला बाकावर बसवलं आणि कानडीत सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य. गाल कापावा लागेल. उद्याच. दुखेल. पण अजून मानेला उतरलेलं नाही. बारा दिवस गेले, आणखी गेले असते तर कठीण होतं. आशा आहे. पुष्कळ आहे.

राजगोंडा ऐकत होता. मध्येच त्यानं उठून पडवीच्या कडेला जाऊन गालातली तंबाखू थुंकली, पाण्यानं चूळ भरली आणि परत येऊन होता तसाच बसला. “बरं,” तो मराठीत म्हणाला. “पोरगीला घराकडं कुणी पोचवंल का?”

“मी पोचवतो की,” आण्णाप्पा म्हणाला. “मी बी तिकडचाच.”

डॉक्टर राजगोंडाला आत घेऊन गेले. जयाबाई मुलीच्या शेजारी बसली. तिनं नाव विचारलं.

“ब्राह्मी.” मुलगी मालूच्या मुठीतलं बोट सोडवून घेत होती. “ही तुमची?”

“व्हय.”

“डाक्टर आप्पाला काय म्हणाले मला सगळं कळलं. मला कळतंय.” तिनं फितीचं टोक बोटाला गुंडाळलं. “कंपाउंडर म्हणाले, तुम्ही दुर्बिणीतनं बघितलासा म्हणून सापडलं.”

“व्हय.”

“आमाला त्या नर्सबाई दुपारीच म्हणाल्या हुत्या, आप्पाला काय न्हाई. मग आमी बाजारात गेलो. फीत घेतली. आप्पा हसत हुते.” तिनं मान वर करून जयाबाईच्या डोळ्यांत बघितलं, राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. “तुम्ही बघायच्या आधी आप्पा बरे हुते, आक्का. मग कशाला बघितलासा?”